भांड्यात काय आहे?

शास्त्रभाग : २ राजे ४:३८-४१

हा पाठ घरी किंवा महिला मंडळाच्या सभेत घ्यावा आणि सोबत वाटाण्याच्या डाळीचे घट्ट सूप करावे, अशी विनंती आहे. डाळ भिजायला एक तास लागतो. तेवढ्यात शास्त्रभाग वाचून त्यावर बोलणे होते. सहा जणांसाठी २५० ग्रॅम पिवळ्या वाटाण्याची डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन भिजत घालावी आणि मग पवित्र शास्त्र उघडावे.

देशात दुष्काळ आहे. अलीशा गिलगालास आला आहे आणि संदेष्ट्यांचे शिष्य त्याच्यापुढे बसले आहेत. मोठे भांडे चढवून कालवण शिजव, असे तो चाकराला सांगतो. भाजीपाला आणायला एक जण रानात जातो. तिथे त्याला रानवेल दिसते. तिची फळे तो ओटीभर आणतो आणि चिरून भांड्यात टाकतो. ती कसली आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. खायला बसल्यावर लोक ओरडतात की या भांड्यात मरण आहे. अलीशा पीठ मागवतो, भांड्यात घालतो आणि वाढायला सांगतो. मग त्या अन्नात अपाय राहत नाही.

ती फळे आणणाऱ्याला अलीशा एका शब्दानेही बोलत नाही. तो माणूस भुकेल्यांसाठीच रानात गेला होता आणि दुष्काळात वेलीवर जे दिसले ते त्याने तोडले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अलीशा भांडे ओतून देत नाही. पोट भरलेल्या माणसाने ते सहज ओतून दिले असते. पण त्या दिवशी दुसरे भांडे कुठे होते?

भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या बाजूला, धानाच्या बांध्यांत लाखोळी होते. धान उभे असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर बी फोकायचे; ना नांगरट, ना खत, ना पाणी. धान कापून नेल्यावर लाखोळी वर येते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, दाण्याची डाळ होते, डाळीचे वडे होतात, कुटार जनावरांना जाते. पाऊस दगा देतो आणि धान बसते, तेव्हाही हे पीक तग धरते. म्हणूनच ते गरिबाचे पीक झाले.

पण या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. इतर धान्याबरोबर, अधूनमधून खाल्लेल्या लाखोळीने सहसा काही होत नाही. मात्र घरात दुसरे काहीच नाही आणि दोन-तीन महिने रोजच्या जेवणाचा मोठा भाग लाखोळीच आहे, अशा वेळी पाय आखडतात आणि माणूस काठीवर येतो. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. गेलेले पाय परत येत नाहीत. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली अशीच हकिगत लिहिली आहे : ओळीने काही वर्षे गहू बुडाला, हेच कडधान्य तेवढे उरले, लोकांनी ते खाल्ले आणि धडधाकट तरुण पांगळे झाले. मध्य प्रदेशात रीवाकडे वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे. म्हणजे तिथे भांड्यात काय पडावे हे खाणारा ठरवत नव्हता.

१९६१ साली केंद्राने या डाळीच्या विक्रीवर बंदीचा नियम केला. हेतू चांगलाच होता. पण पीक थांबले नाही. ज्याच्या घरी दुसरे काही नव्हते तो ती खातच राहिला आणि बाजारात ती तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळीत भेसळ होऊन शिरली. माझ्या मते हे भांडे ओतून देण्यासारखे झाले. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि महाराष्ट्रात २००८ मध्ये ती उठली. दरम्यान शास्त्रज्ञांनी कमी विषाचे रतन, प्रतीक, महातिवडा असे वाण काढले.

मग इथले पीठ कोणते? चांगले बियाणे हे एक. डाळ गरम पाण्यात कित्येक तास भिजवून ते पाणी फेकणे, मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी ओतून देणे, हे दुसरे; त्याने विषाचा बराच भाग निघून जातो. आणि सर्वांत मोठे म्हणजे ताटात दुसरे काहीतरी असणे. अडचणीतल्या कुटुंबासाठी धान्याची पिशवी भरताना आपण बहुधा वजन पाहतो. त्याऐवजी तांदळाबरोबर तूर, मूग, थोडे शेंगदाणे, तेल अशी सरमिसळ भरावी. दुष्काळात गरिबाकडून आधी हिरावली जाते ती ही सरमिसळच. आणि कोणाच्या घरी लाखोळी शिजताना दिसली तर नाक मुरडू नये; पाणी कसे ओतायचे ते बोलावे आणि पंगतीला बसावे.

एवढ्यात डाळ भिजली असेल. तिचे पाणी टाकून द्यावे. कुकरमध्ये दोन चमचे तेलात जिरे, सात-आठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि दोन चिरलेले कांदे परतावेत. दोन गाजरे, एक बटाटा, अर्धा चमचा हळद, निथळलेली डाळ आणि सव्वा लिटर पाणी घालावे. झाकण लावण्याआधी एक उकळी आणून वरचा फेस काढावा, नाहीतर तो शिट्टीत अडकतो. पाच शिट्ट्या पुरतात. डाळ जुनी असेल तर आठही लागतात. दोन टोमॅटो मात्र नंतर घालावेत, कारण आंबटाने डाळ शिजायला उशीर होतो. पळीने अर्धवट घोटावे, सगळे वाटून गुळगुळीत करू नये. मीठ आणि मिरपूड घालून दहा मिनिटे मंद आचेवर ठेवावे. लिंबू वाढताना पिळावे. त्याने डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. सोबत भात किंवा भाकरी हवीच, कारण डाळीत जे कमी असते ते धान्य भरून काढते.

या सुपात लाखोळी मात्र घालू नये. सुपात शिजवलेले पाणी पोटात जाते आणि लाखोळीचे पाणी तर टाकायचे असते. सुटी डाळ घेताना निरखून पाहावी : वाटाण्याची फोड गोल असते, लाखोळीचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूला निमुळता, कोनेदार असतो. सूप गार झाले की घट्ट होते. दुसऱ्या दिवशी गरम करताना त्यात उकळते पाणी घालावे आणि तळाशी लागू नये म्हणून ढवळत राहावे.