विहीर ते वाफा : शेतातील नळकामाची पहिली ओळख

विहिरीस पाणी आहे, पंपही चालतो आहे. परंतु टोकाच्या शेतात पाणी मात्र पोहोचत नाही, अशी तक्रार घेऊन दर उन्हाळ्यात कित्येक शेतकरी बंधू आमच्या कार्यालयात येतात. दोष पंपातच आहे, असे त्यांतील बहुतेकांनी आधीच ठरविलेले असते. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिले असता पंप निर्दोष असून दोष जमिनीखाली पुरलेल्या नळात असल्याचे वारंवार आढळून येते. पुरलेली चूक डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तिचा संशयही येत नाही.

या बाबतीत एका बागायतदाराचा अनुभव सांगण्यासारखा आहे. त्यांनी आंबे बहार धरलेल्या डाळिंबाच्या बागेसाठी विहिरीपासून ४०० मीटर लांबीचा नळ टाकला होता. नळ ६३ मिलिमीटरचा, म्हणजे बाजारात ज्यास दोन इंची म्हणतात तो, व ४ किलो दाबाच्या वर्गाचा होता. बागेत पाणी कमी पडू लागताच त्यांनी ३ अश्वशक्तीचा पंप काढून ५ अश्वशक्तीचा बसविला. पाणी थोडेसे वाढले. परंतु आठवडा उलटण्यापूर्वीच एका रात्री वीज गेली आणि त्यासरशी विहिरीजवळचा नळ फुटला. दुरुस्तीस सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत झाडांस ताण बसला आणि नंतर एकदम भरपूर पाणी मिळताच फळे तडकली. नवीन पंपाचे कर्ज मात्र तसेच उरले.

वास्तविक येथे पंप बदलण्याचे कारणच नव्हते. ही गोष्ट समजण्यास फार मोठे गणित लागत नाही. प्रत्येक बागायतदाराने ते एकदा स्वतः करून पाहावे.

पाण्यास किती उंची चढावी लागते?

पंपास दोन प्रकारचे काम करावे लागते. पहिले काम विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून शेतातील सोडवणीच्या जागेपर्यंतची उंची चढण्याचे. ही उंची अंदाजाने धरू नये. गवंडी ज्याप्रमाणे पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ घेतो, त्याचप्रमाणे टप्प्याटप्प्याने जमिनीची चढ-उतार मोजता येते व त्यास दोन माणसे आणि एक सकाळ पुरते. विहिरीतील पातळी मात्र उन्हाळ्यातीलच धरावी. श्रावणात मोजलेली उंची वैशाखात फसविते.

दुसरे काम नळाच्या आतील घर्षणावर मात करण्याचे. हे घर्षणसुद्धा उंचीच्याच मापात सांगता येते. सेकंदाला ४ लिटर पाणी वाहत असेल, तर ६३ मिलिमीटरच्या नळात दर १०० मीटर लांबीस सुमारे साडेतीन मीटर उंचीइतका दाब नुसत्या घर्षणात खर्च होतो. तेवढेच पाणी ७५ मिलिमीटरच्या नळातून नेल्यास हा खर्च दीड मीटरांवर येतो व ९० मिलिमीटरच्या नळात तर तो सुमारे ६० सेंटीमीटरच राहतो. नळाचा व्यास थोडा वाढला तरी घर्षण किती झपाट्याने उतरते, हे यावरून लक्षात येईल. उलटपक्षी, त्याच नळातून दुप्पट पाणी न्यावयाचे म्हटल्यास घर्षण दुप्पट न होता साडेतीन पटींहून अधिक होते.

आता वरील बागेचा हिशेब करू. पाण्याची चढ १८ मीटर व लांबी ४०० मीटर. सेकंदाला ४ लिटर पाणी हवे असता ६३ मिलिमीटरच्या नळात घर्षणाचे १४ मीटर मिळवावे लागतात, म्हणजे एकूण ३२ मीटर. लिटरांस मीटरांनी गुणून ७५ ने भागले असता पाण्यास लागणारी अश्वशक्ती मिळते. येथे ती १.७ येते. पंप व मोटार मिळून निम्मी शक्ती वाया जाते असे धरले, तर सुमारे साडेतीन अश्वशक्ती हवी. म्हणून ३ चा पंप कमी पडला. ७५ मिलिमीटरचा नळ असता तर घर्षणाचे केवळ ६ मीटर झाले असते. एकूण उंची २४ मीटर व गरज अडीच अश्वशक्तीची; जुना पंप पुरून उरला असता. नळाची जादा किंमत एकदाच द्यावी लागते. घर्षणाची किंमत मात्र पंप जितके तास चालेल तितके तास द्यावी लागते.

दुकानात सांगितलेले माप नळाच्या बाहेरील व्यासाचे असते, हेही ध्यानात ठेवावे. आतील पोकळी त्याहून कमी असते. काटकोनी एल्बोसुद्धा फुकट नसतो. दोन इंची नळावरील एका एल्बोचा अडथळा सुमारे दोन मीटर सरळ नळाइतका असतो. बांधाच्या कडेकडेने चार वळणे घेण्याऐवजी शक्य तेथे लांब बाकाचे वळण द्यावे.

पाणी किती मिळते हे पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. २०० लिटरांचे पिंप ५० सेकंदांत भरले, तर सेकंदाला ४ लिटर पाणी येत आहे असे समजावे. घड्याळ व पिंप घेऊन ही परीक्षा नळाच्या शेवटच्या तोंडाशी करावी.

नळ का फुटतो?

४ किलो दाबाचा नळ म्हणजे सुमारे ४० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसणारा नळ. हा आकडा नेहमीच्या दाबास पुरेसा वाटतो. परंतु वाहते पाणी एकाएकी अडले म्हणजे त्याचा वेग दाबात बदलतो आणि दाबाची लाट नळातून धावते. वरील बागेतील नळात पाणी सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने धावत होते. अशा वेळी व्हॉल्व्ह झटक्यात बंद केल्यास नेहमीच्या दाबावर आणखी सुमारे ४० मीटरांचा दाब पडू शकतो. ४०० मीटरांच्या अशा नळावर तीन सेकंदांच्या आत व्हॉल्व्ह मिटणे म्हणजे झटक्यात मिटणेच होय. वीज गेल्यावर परत फिरलेले पाणी विहिरीजवळ येऊन आदळते, तेव्हाही असाच तडाखा बसतो. मोठा पंप बसविल्याने या बागेत वेगही वाढला व नेहमीचा दाबही वाढला. मग नळ फुटावा यात नवल नाही.

म्हणून व्हॉल्व्ह सावकाश फिरवावा. एक वाफा बंद करण्यापूर्वी दुसरा उघडावा. सर्व तोंडे मिटलेली असताना पंप कधीही चालवू नये. पंपाजवळ पाणी मागे न फिरू देणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि विहिरीकडील पहिले काही नळ ६ किलो दाबाचे घ्यावेत. नळमार्गात जेथे उंचवटा असेल तेथे हवा जमते व पाण्याची वाट अडविते. तेथे हवेचा व्हॉल्व्ह अवश्य हवा. जेथे खोलगट जागा असेल तेथे गाळ काढण्याचे तोंड ठेवावे. नळ दाबास उतरला तर पाणी यंत्राविनाही डोंगरावरून गावात येते. छत्रपती संभाजीनगरची जुनी पाणचक्की डोंगरातील झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून चालविली जात असे. त्या कारागिरांनी पातळी अचूक साधली होती.

जोड कसा द्यावा?

पीव्हीसी नळाचा जोड हा चिकटविलेला नसून वितळवून एकजीव केलेला असतो. दुकानात ज्यास 'सोल्युशन' म्हणतात ते सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही पृष्ठभाग मऊ करते व ते परस्परांत मिसळतात. त्यामुळे पृष्ठभागावर धूळ, ओल अथवा तेल असल्यास जोड वरून बरा दिसला तरी आतून कच्चा राहतो.

नळ करवतीने काटकोनात कापावा. कडेचा बुरा कानशीने काढून बाहेरील धार किंचित उतरती करावी. प्रथम सिमेंट न लावता नळ खोबणीत बसवून पाहावा व तो किती आत जातो तेथे खूण करावी. मग दोन्ही भाग पॉलिश पेपरने हलके घासून कोरड्या फडक्याने पुसावेत. सिमेंट खोबणीत पातळ व नळाच्या टोकावर सर्वत्र सारखे लावावे. लगेच नळ आत ढकलून पाव वेढा फिरवावा, खूण गाठेपर्यंत दाबावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. हात लवकर सोडल्यास नळ आपोआप मागे सरकतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. बाहेर आलेले सिमेंट पुसून टाकावे. जोडास पूर्ण दाब २४ तासांनंतर द्यावा. सिमेंट ज्वालाग्राही असल्याने काम चालू असता जवळ बिडी ओढू नये.

जाळावर नळाचे तोंड तापवून ते फुगवायचे व त्यात दुसरा नळ ठोकायचा, ही रीत अनेक गावी चालते. तिच्यात कपलिंगचे पैसे वाचतात; परंतु ताणलेल्या जागी नळाची भिंत पातळ होते व काही ठिकाणी जळते. पहिला तडाखा तेथेच बसतो. मी तरी या रीतीची शिफारस करणार नाही.

जस्ती नळाच्या आट्यांचे जोड पंपाच्या आसपास थोडेच असतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे बसण्याच्या दिशेने गुंडाळावी, एवढे सांगणे येथे पुरे. विहिरीत उतरलेल्या ओढ नळाबद्दल मात्र थोडे अधिक सांगावयास हवे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता बाहेरील हवा ते वर ढकलते. समुद्रसपाटीवर हवा पाण्यास सुमारे १०.३ मीटरांपर्यंत पेलू शकते व पठारावर त्याहून कमी. व्यवहारात पंप पाण्यापासून सहा मीटरांहून उंच ठेवू नये. ओढ नळास सुईएवढे छिद्र असले तरी पाणी गळताना दिसत नाही. उलट हवा आत शिरते व पंप पाणी सोडून देतो.

चर बुजविण्यापूर्वी

नळावर जवळजवळ एक मीटर माती असावी, म्हणजे ट्रॅक्टरच्या नांगराचा धोका राहत नाही. भारी काळ्या जमिनीत विशेष काळजी घ्यावी लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते व नळास हलविते. अशा जमिनीत नळाखाली व भोवती दहा सेंटीमीटर वाळू अथवा चाळलेला बारीक मुरूम घालावा. दगडगोटे नळाशी भिडू देऊ नयेत. पीव्हीसी नळ उष्णतेने बराच लांबतो. १०० मीटर नळ २० अंशांच्या फरकाने सुमारे १४ सेंटीमीटर लांब-आखूड होतो. म्हणून तो चरात किंचित नागमोडी टाकावा आणि माती सकाळच्या थंड वेळी लोटावी. उन्हात उघडा पडून राहिलेला नळ कालांतराने ठिसूळ होतो. राहिलेले नळ सावलीत ठेवावेत.

जोड उघडे ठेवून फक्त मधल्या भागावर माती टाकावी व नळ पाण्याने भरून काही तास दाबाखाली ठेवावा. प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवावा. मजूर व यंत्र थांबून राहते म्हणून ही परीक्षा टाळण्याचा मोह होतो. परंतु मिनिटाला एक लिटर गळणारा जोड, नळ दिवसरात्र भरलेला राहिल्यास, १४४० लिटर पाणी जमिनीत घालवितो. पुरल्यानंतर ती जागा शोधण्यास किती चर उकरावा लागेल, याचा विचार करावा.

पाणी रोखून धरणाऱ्या प्रत्येक वळणाच्या व टोकाच्या मागे काँक्रीटचा ठोकळा घालावा. शेवटी नळमार्गाचा नकाशा काढावा : कोणत्या खुणेच्या झाडापासून किती पावलांवर जोड आहे, हवेचा व्हॉल्व्ह कोठे आहे, नळ कोणत्या व्यासाचा व किती दाबाचा आहे. तो नकाशा पंपघराच्या भिंतीवर लावावा. त्याखालच्या पेटीत करवत, कानस, त्याच व्यासाची दोन कपलिंगे, हातभर नळाचा तुकडा व झाकण घट्ट असलेला सिमेंटचा डबा असू द्यावा. डबा उघडून वर्ष झाले असल्यास व आतील सिमेंट दाटले असल्यास तो टाकून नवा आणावा.