३१ डिसेंबरची टकीला : ग्लासात काय असते, शरीरात काय होते



डिसेंबर आला की वस्तीत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक, १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या गाड्यांची. दुसरी, आदल्या रात्रीच्या पार्टीची. पुण्याला हॉटेलात, कंपनीत कामाला असलेली आपली पोरं सुट्टीला येतात आणि त्यांच्यासोबत टकीला, मार्गारिटा, शॉट ही नावेही घरात येतात. मीठ चाटायचे, ग्लास एका दमात रिकामा करायचा, वर लिंबू चोखायचे, असे व्हिडिओ लहान मुलेसुद्धा मोबाइलवर बघतात. नाव परदेशी, बाटली देखणी, म्हणजे ही दारू त्रास देत नाही, असा समज पसरतो आहे. म्हणून या वेळी ही मेक्सिकोची दारू समजून घेऊ.

टकीला कशाची बनते?

आपल्याकडे बांधावर घायपात असते. जाड, काटेरी, टोकदार पाने. त्याचा वाख काढून दोर वळतात. टकीला याच घायपाताच्या एका निळसर जातीपासून बनते. मेक्सिकोत हे झाड सहा-सात वर्षे वाढवतात, पाने तोडून मधला गड्डा भाजतात, त्याचा गोड रस आंबवतात आणि भट्टीवर ऊर्ध्वपातन करतात. घायपाताच्याच इतर जातींपासून, गड्डे जमिनीतल्या खड्ड्यात भाजून, जी दारू काढतात तिला मेझ्काल म्हणतात.

म्हणजे कृती ओळखीचीच आहे : गोड रस, आंबवणे, ऊर्ध्वपातन. नशा आणणारा पदार्थही तोच, इथाइल अल्कोहोल. देशी, व्हिस्की, टकीला या सगळ्यांत तो साधारण ४० ते ४३ टक्के असतो. यकृताला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. आणि हे वाचून कोणी बांधावरच्या घायपातावर प्रयोग करू नये. त्याचा कच्चा रस अंगाला लागला तरी खाज सुटते, फोड येतात.

गोड ग्लासातला हिशेब

मार्गारिटा म्हणजे टकीला, संत्र्याच्या स्वादाची गोड दारू आणि लिंबाचा रस, ग्लासाच्या कडेला मीठ. चव सरबतासारखी लागते. पण नेहमीच्या मापाने बनवलेल्या एका ग्लासात ५० मिली टकीला आणि २० मिली दुसरी दारू असते. म्हणजे ३० मिलीचे दोन पेग पोटात जातात आणि पिणारा म्हणतो, "मी तर एकच घेतला." आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीत असे चार पेग असतात.

यकृताला ३० मिलीचा एक पेग निपटायला साधारण एक तास लागतो, कधी जास्तही. हा वेग लिंबाने, कॉफीने, थंड पाण्याच्या अंघोळीने वाढत नाही. रात्री दोनपर्यंत आठ पेग घेतलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी कोरेगावला निघताना दारू असतेच. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असलेल्याने गाडी चालवायची नाही. तेव्हा टेम्पोत बायकापोरे बसवण्याआधी ड्रायव्हरने रात्री घेतली होती का, हे विचारा. विचारायला लाजू नका.

टीबीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोल चालू असेल तर दारू टाळलीच पाहिजे. टीबीच्या औषधांसोबत यकृत खराब होते आणि शुगरच्या काही गोळ्यांसोबत साखर एकदम खाली येते. असा माणूस बेशुद्ध पडला तर लोक त्याला दारू चढली असे समजून झोपवून ठेवतात.

खरा धोका : मिथेनॉल

मिथेनॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन आहे. ते स्वस्त असते आणि दिसायला, वासाला पिण्याच्या दारूसारखेच असते. विकणारे ते हातभट्टीत मिसळतात. भारी बाटल्यांतही भेसळीची दारू भरून विकली जाते. चव घेऊन किंवा पेटवून बघून ते ओळखता येत नाही.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशीच दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. बहुतेक हातावर पोट असलेली, वस्तीतली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत बिअरचे कारखाने बंद असताना, खुद्द मेक्सिकोत भेसळीच्या दारूने शंभरावर बळी घेतले. टकीलाच्या देशातही मेली ती गरीब, स्वस्त दारू घेणारी माणसेच.

मिथेनॉल पोटात गेल्यावर आधी साधी नशा येते. मग यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या नसा जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. याला साधारण १२ ते २४ तास लागतात. सोबत चांगली दारूही घेतली असेल तर आणखी उशीर लागतो. म्हणून रात्री पिलेला माणूस सकाळी ठीक दिसतो आणि दुपारनंतर बिघडतो.

ही लक्षणे पाठ करा :
– अंधुक दिसणे, डोळ्यांसमोर धुके किंवा पांढरे पांढरे दिसणे
– पोटात जोरात दुखणे, उलट्या
– डोके फुटल्यासारखे दुखणे
– धाप लागल्यासारखा जोरजोरात श्वास
– झटके, गुंगी

वॉर्डात असताना रात्री येणाऱ्या नातेवाइकांकडून एक वाक्य मी फार ऐकले : "वाटलं, उतरेल." या वाटण्यातच वेळ जातो. पिणाऱ्याने "दिसत नाही" म्हटले, तर ते उतरण्याची वाट बघू नका.

काय करायचे?

१. लगेच १०८ ला फोन करा. ऊसतोडीच्या टोळीसोबत फडावर असाल तरी हाच नंबर लावा.
२. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात ताक, लिंबूपाणी, काहीही घालू नका. बोटे घालून उलटी करवू नका.
३. उरलेली दारू, बाटली किंवा पिशवी सोबत न्या.
४. डॉक्टरांना खरे सांगा : काय प्यायले, किती वाजता, कुठून आणली. लपवले तर उपचार उशिरा सुरू होतात.
५. त्याच ठिकाणची दारू पिलेल्या बाकीच्यांनाही, त्रास नसला तरी, दवाखान्यात न्या.

यावर इलाज आहे. विष तयार होणे थांबवणारे औषध देतात, सलाइनमधून आम्ल कमी करतात, गरज लागली तर डायलिसिस करतात. म्हणून गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन परत येऊ नका. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

आणखी एक. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने १ जानेवारीचा संकल्प करून एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. सोडायचीच आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याला हिणवू नका, सोबत जा.

मग थंडीच्या रात्री प्यायचे काय?

मेक्सिकोत डिसेंबरच्या सणाला घरोघरी 'पोन्चे' नावाचे गरम पेय करतात. त्यात पेरू, उसाचे तुकडे, चिंच, दालचिनी, वाळलेली लाल अंबाडीची बोंडे आणि आपल्या गुळासारखा गूळ घालतात. मुलाबाळांसाठी ते दारूशिवायच असते. हे सगळे आपल्या बीड जिल्ह्यात मिळते.

दहा माणसांसाठी : तीन लिटर पाणी, पाव किलो गूळ, चार पेरूंच्या फोडी, वीतभर ऊस सोलून चिरलेला, दोन मुठी बोरे, लिंबाएवढी चिंच, दालचिनीचे दोन तुकडे, मूठभर अंबाडीची बोंडे. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा आणि गरमागरम द्या. शुगर असलेल्यांनी मात्र घेऊ नये.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. ३१ तारखेला संध्याकाळी विहारासमोर हे पातेले चढवा, पोरांना तिथे बोलवा. आणि वरची लक्षणे व १०८ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीवर लावा. न पिणाऱ्यानेही ते वाचलेले असावे, कारण दवाखान्यात नेणारा तोच असतो.