उभ्याने काम करणाऱ्यांच्या पायांसाठी

पोळी-भाजी केंद्रातला ओटा असो, साडीचं दुकान असो की शाळेतला फळा, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पाय जड होतात. काहींच्या पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा उठून दिसू लागतात. या व्हेरिकोज व्हेन्स. पायातलं रक्त वर ढकलतात ते पोटरीचे स्नायू. हे रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. झडपा निकामी झाल्या की रक्त साचतं. फुगलेली शीर घरच्या उपायांनी पूर्ववत होत नाही, हे आधीच सांगते. ठणका आणि सूज मात्र बरीच कमी करता येते.

सुरुवात कामाच्या जागीच करा. न हलता उभं राहणं सगळ्यात बाधतं. दर अर्ध्या तासाने 15-20 वेळा टाचा उचला आणि टेकवा; पोळ्या भाजता भाजताही जमतं. पायाशी पाट ठेवून आळीपाळीने एकेक पाय त्यावर घ्या. रोज अर्धा तास चाला.

घरी आल्यावर आडवं व्हा आणि पाय उशांवर, छातीपेक्षा उंच, 15 मिनिटं ठेवा. खुर्चीत बसून स्टुलावर पाय घेतले तर एवढी उंची मिळत नाही.

दाबाचे मोजे अंदाजाने आणू नका. किती दाबाचे हवेत ते डॉक्टरांना विचारा आणि पायाचं माप सकाळी द्या. उठल्या उठल्या, सूज चढण्याआधी घाला, झोपताना काढा. वरची कड दुमडू देऊ नका, तिथेच पाय काचतो. उकाड्यात ते नकोसे होतात खरे, पण गुडघ्यापर्यंतचे बहुतेकांना पुरतात. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या.

शिरा तेलाने रगडू नका. वजन आणि बद्धकोष्ठ दोन्ही आटोक्यात ठेवा.

घोट्याजवळची कातडी काळवंडली, जखम भरेना, तर डॉपलर सोनोग्राफी करावी लागते. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत गुठळी असू शकते. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय. शीर फुटून रक्त आलं तर लगेच आडवं व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने 10 मिनिटं घट्ट दाबा आणि मग रुग्णालयात जा. दाबूनही थांबलं नाही तर दाब न सोडता 108 ला फोन करा.