मुदत चालूच असते

सातारा

चि. सुहास यास,


फोनवर तू इतका संतापला होतास की मुद्द्याचं बोलणं राहिलं, म्हणून लिहिते. फेरफाराच्या तक्रारी नोंदीचा निकाल विरुद्ध गेला म्हणून तू आमदारांकडे, लोकशाही दिनाला, अगदी उपोषणालाही निघालास. खुशाल जा. पण निवेदनांनी अपिलाची मुदत थांबत नाही. महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांतांकडे जायला ६० दिवस असतात. निवेदनांच्या पोचपावत्या जमवता जमवता ते दिवस घालवलेले पक्षकार मी वकिलीत फार पाहिले. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि ‘साहेबांनी बघतो म्हटलं होतं’ हे कारण टिकत नाही.

उद्याच नकलेचा अर्ज दे. नक्कल मिळण्यात जाणारे दिवस मुदतीतून वजा होतात. अपिलाबरोबर स्थगितीचा अर्ज जोड. नुसत्या अपिलाने अंमल थांबत नाही.

निकाल मात्र शांतपणे वाच. नोटीस बजावली होती का, तुमचं म्हणणं ऐकलं का, कारणं लिहिली आहेत का, ते बघ. कंपनी सरकारने १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून काढलं, तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजी यांचं गाऱ्हाणं हेच होतं की महाराजांची बाजू नीट ऐकलीच नाही. त्यासाठी ते १८५३ पर्यंत लंडनला झगडले. महाराज त्याआधीच, १८४७ मध्ये, काशीला वारले. दाद मागायची तीही कंपनीच्याच दारात. तिचा हुकूम रद्द करील असं न्यायालय त्यांना लाभलं नाही. हे आठवलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

तुला ते न्यायालय आहे. अनुच्छेद २२६ खालची रिट आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची कामं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे चालतात. पण आत्ताच तिकडे धावू नकोस. अपिलाची वाट मोकळी असताना उच्च न्यायालय सहसा तिकडेच परत पाठवतं; अधिकारच नसताना हुकूम काढला किंवा बाजू ऐकलीच नाही, अशा वेळी गोष्ट निराळी.

आणखी एक, वडिलांनाही सांग: फेरफाराने मालकी ठरत नाही. खरा वाद वाटणीचा असेल तर तो दिवाणी कोर्टातच मिटेल.

नकलेबरोबर रोजनाम्याचीही प्रत माग. सुनावणीच्या तारखांना तुमची हजेरी लागली आहे का, ते मला आधी बघायचं आहे.

तुझी आत्या