तळवट आणि भूशिर : पुढे उभी असलेली भूमी

वाचन : यहोशवा ११:१-५ व १६, १ राजे १८:४१-४६, मीखा १:८-१६



पवित्र शास्त्रात गावांच्या आणि प्रदेशांच्या नावांची यादी सुरू झाली की आपली नजर नकळत पुढे सरकते. जेथे कथा पुन्हा सुरू होते तेथे आपण थांबतो. मीही पुष्कळ वर्षे तसाच वाचत असे. भाषांतराचे काम हाती आले तेव्हा मात्र ती सोय उरली नाही, कारण भाषांतरकाराला कोणताही शब्द ओलांडून जाता येत नाही.

यहोशवा ११:२ हे असेच एक वचन आहे. हासोराचा राजा याबीन इस्राएलाविरुद्ध युद्धासाठी ज्यांना निरोप पाठवतो, त्यांच्या प्रदेशांची त्यात नोंद आहे : उत्तरेकडचा डोंगराळ प्रदेश, किन्नेरोथाच्या दक्षिणेचा अराबा, तळवट, आणि पश्चिमेस समुद्रालगतचा दोराचा भाग. यांपैकी शेवटल्या दोहोंचा विचार आज आपण करू. एक आहे पर्वतरांगेच्या पुढ्यातील सखल प्रदेश. दुसरा आहे कर्मेल डोंगराच्या आसपासचा किनारा, जेथे भूमी समुद्रात शिरते.

एका शब्दाने दिलेला धडा

‘तळवट’ या शब्दाच्या मागे मूळ इब्री शब्द ‘शफेला’ हा आहे. ‘खाली असणे, सखल असणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला. जुन्या करारात तो सुमारे वीस ठिकाणी आढळतो. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात त्याच्यासाठी कोठे ‘खोरे’, कोठे ‘मैदान’, तर कोठे ‘सखल देश’ या अर्थाचे शब्द योजले आहेत. त्यामुळे ही सर्व स्थळे एकाच प्रकारच्या भूमीची आहेत, हे त्या वाचकाच्या ध्यानात येणे कठीण झाले. दोराच्या बाबतीतही तेच घडले. तेथील ‘नाफाथ’ अथवा ‘नाफोथ’ या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही, आणि त्याच भाषांतरात तीन ठिकाणी त्याचे तीन अर्थ दिले गेले : सीमा, किनारा आणि प्रांत.

दुसऱ्यांच्या चुका सांगताना स्वतःची लपवू नये. सोप्या मराठीत मसुदा तयार करताना मला वाटले की ‘तळवट’ हा शब्द तरुण वाचकांना समजणार नाही. म्हणून मी ‘मैदानी प्रदेश’ असे लिहिले आणि निश्चिंत झालो. तो मसुदा वाचून दाखवण्यासाठी कोकणातील एका लहानशा मंडळीत गेलो. यहोशवाच्या १५ व्या अध्यायातील यादी वाचली. तीत ‘मैदानी’ नगरांमध्ये सोखो व अजेका ही नावे आली. दुसऱ्या दिवशी १ शमुवेल १७ वाचण्यात आला. सोखो व अजेका यांच्यामध्ये पलिष्ट्यांनी तळ दिला. ते एका डोंगरावर, इस्राएल समोरच्या डोंगरावर, आणि मध्ये खोरे. इतक्यात मागे बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने हात वर केला.

“गुरुजी, काल तुम्ही ही गावं मैदानात म्हणालात. मग दोन्ही फौजा डोंगरावर चढल्या कशा?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी हसून म्हणाल्या, “अहो, ती खलाटी नव्हे, वलाटी असेल!”

समुद्रालगतच्या सखल पट्टीला कोकणात खलाटी म्हणतात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडील टेकड्यांच्या प्रदेशाला वलाटी. ग्रंथांच्या ढिगाऱ्यात जे मला गवसले नव्हते, ते त्या आजींनी एका शब्दात सांगितले. मी घरी येऊन ‘मैदानी प्रदेश’ खोडला आणि ‘तळवट’ हा शब्द पुन्हा लिहिला. खाली टीप दिली : ‘उंच डोंगरांच्या पुढ्यातील बुटक्या टेकड्यांचा प्रदेश’.

तळवट कशी आहे?

यहूदाच्या तळवटीतील टेकड्या साधारणपणे १०० ते ४०० मीटर उंच आहेत. पश्चिमेस समुद्राकाठची सपाट भूमी आणि पूर्वेस यहूदाचा डोंगराळ प्रदेश, यांच्यामध्ये सुमारे १५ किलोमीटर रुंदीचा हा पट्टा पसरला आहे. समुद्राकडून येणाऱ्या माणसाला या टेकड्या चढणीच वाटतील. पण हेब्रोन ९०० मीटरांहून उंच आहे आणि यरुशलेम सुमारे ७५० मीटरांवर. तेथे राहणाऱ्याला हा सारा प्रदेश पायाखाली दिसतो. म्हणजे ‘सखल’ हे नाव वरून पाहणाऱ्याने ठेवले आहे. नावातच पाहणाऱ्याची जागा सांगितली आहे, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल.

सर जॉर्ज अॅडम स्मिथ यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या पवित्र भूमीच्या ऐतिहासिक भूगोलात तळवटीचे हे वेगळेपण ठसठशीतपणे मांडले. त्यांचा जन्म १८५६ साली आपल्याच देशात, कलकत्ता येथे झाला होता. तळवट हा यहूदाच्या पर्वताचा नुसता उतार नसून दऱ्यांनी त्यापासून वेगळा झालेला स्वतंत्र प्रदेश आहे, असे त्यांनी दाखवले. याचे कारण खडकात आहे. यहूदाचे डोंगर कठीण चुनखडीचे, तर तळवटीचा खडक खडूसारखा मऊ. म्हणूनच तेथे गुहा विपुल. दावीद ज्या अदुल्लामाच्या गुहेत आश्रयाला गेला (१ शमुवेल २२) ते गाव तळवटीचेच. मारेशा व बेथ-गुव्रीन येथील कोरीव गुहांचा २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. उंबराच्या जातीची झाडे येथे इतकी होती की विपुलतेची उपमा देताना शास्त्रलेखकाला तीच आठवली (१ राजे १०:२७).

या टेकड्यांतून समुद्राकडे उतरणारी खोरी हेच डोंगरात शिरण्याचे दरवाजे होत. अय्यालोनाच्या खोऱ्यात यहोशवाने शत्रूंचा पाठलाग केला. सोरेक खोऱ्यात शमशोनाची कथा घडली. एक्रोनाहून निघालेल्या दोन दुभत्या गाई कराराचा कोश ओढीत ज्या बेथ-शेमेशास आल्या, ते नगरही सोरेकाच्याच वाटेवर आहे. १८९२ साली याफाहून यरुशलेमेस जाणारा लोहमार्ग सुरू झाला, तोही याच खोऱ्यातून वर चढतो. एलाच्या खोऱ्यात दावीद आणि गल्याथ समोरासमोर आले. सह्याद्रीचे घाट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही की ज्याच्या हाती पायथा, त्याच्या हाती घाट. पलिष्ट्यांना वर यायचे असो वा इस्राएलास खाली उतरायचे असो, गाठ पडे ती तळवटीत.

कर्मेल : समुद्रात शिरलेला डोंगर

आता उत्तरेकडे वळू. यहोशवा ११:१६ मध्ये ‘इस्राएलाची तळवट’ असाही उल्लेख आहे. कर्मेल आणि शोमरोनचे डोंगर यांच्यामधील बुटक्या टेकड्या त्यातून सूचित होतात, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे ही दुसरी तळवट आपल्याला थेट कर्मेलाच्या पायथ्याशी आणून सोडते. दोर हे नगर तेथून पश्चिमेस, किनाऱ्यावर होते.

त्या देशाचा किनारा बव्हंशी सरळ आहे. त्या सरळ रेषेला ठळकपणे छेदणारे मोठे भूशिर एकच, ते कर्मेलाचे. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून अधिक आहे. त्याच्या दक्षिणेस शारोनाचे मैदान, उत्तरेस उपसागर. किनाऱ्याने येणाऱ्या सैन्याला डोंगर आणि समुद्र यांमधील अरुंद पट्टी तरी धरावी लागे, नाहीतर मगिद्दोसारख्या खिंडीतून आत वळावे लागे. इ. स. पू. ६०९ मध्ये योशीया राजा मगिद्दो येथेच पडला.

या अरुंद वाटेशी आपल्या देशाचाही संबंध आला आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर व म्हैसूर संस्थानांच्या घोडदळांनी हैफा नगर जिंकले. एका बाजूला किशोन नदीची दलदल, दुसऱ्या बाजूला कर्मेलाचा उतार आणि त्यावर तोफा, अशा चिंचोळ्या जागेतून जोधपूरचे स्वार दौडत गेले. दिल्लीच्या वाचकांनी तीन मूर्ती स्मारक पाहिले असेल. ते जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद येथील घोडदळांचे स्मारक आहे.

परंतु भूशिराचे आणखी एक काम असते. जे समुद्रात पुढे गेलेले असते, त्याला येणारे वादळ आणि येणारा पाऊस आधी दिसतो. १ राजे १८ मध्ये एलीया कर्मेलाच्या माथ्यावर गुडघ्यांत तोंड घालून वाकला आहे. तो स्वतः पाहत नाही. सेवकाला समुद्राकडे पाहायला पाठवतो. सहा वेळा काही नाही. सातव्या वेळी माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो. आपण येथे मृगाच्या ढगांची कल्पना करतो, पण त्या देशात पाऊस हिवाळ्यात, पश्चिमेकडील समुद्रावरून येतो. इज्रेलच्या मैदानात दुष्काळाने होरपळलेल्या लोकांना अजून काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्यासाठी कोणीतरी भूशिरावर उभे राहून सात वेळा पाहत होते.

लाखीशाने दिलेली किंमत

भूशिराला येणारे आधी दिसते. तळवटीला ते आधी सोसावे लागते. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. आपण ही कथा सहसा यरुशलेमेच्या तटावरून वाचतो : हिज्कीयाची प्रार्थना, यशयाचे अभिवचन, शत्रूचे माघारी जाणे. ते सर्व सत्य आहे आणि त्याबद्दल उपकारस्तुती करणे योग्यच आहे. परंतु २ राजे १८:१४ व १७ पुन्हा वाचा. हिज्कीयाचा शरणागतीचा निरोप कोठे गेला? लाखीशास. यरुशलेमेला दरडावणारे सैन्य कोठून आले? लाखीशाहून. सन्हेरीबाने आपल्या लेखात यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याची नोंद केली आहे. यरुशलेम घेतल्याची नोंद त्यात नाही. लाखीशाच्या पाडावाची दृश्ये त्याने निनवेतील आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत बैलगाडीवर सामान लादून मुलाबाळांसह बंदिवासात निघालेली कुटुंबे दिसतात. ती तळवटीतील माणसे होत.

यरुशलेम वाचले, तेव्हा लाखीश जळून गेले होते.

या घटकेला तळवटीचा आवाज शास्त्रात आहे, तो मीखाचा. मोरेशेथ हे त्याचे गाव तळवटीतले. पहिल्या अध्यायात तो आपल्या परिसरातील गावांची नावे एकेक करून घेतो आणि प्रत्येक नावातून शोक उमटवतो. बेथ-ले-अफ्रा या नावात धुळीचा अर्थवाचक शब्द ऐकू येतो, म्हणून तेथील लोकांनी धुळीत लोळावे. लाखीश या नावाचा ध्वनी रथाच्या घोड्यांसाठी असलेल्या शब्दाशी जुळतो, म्हणून तेथे घोडे जुंपण्याची गोष्ट. अक्जीब या नावात कपट ऐकू येते. हे शब्दखेळ मराठीत आणता येत नाहीत, याची खंत मला आजही आहे. आपल्या वाडीवस्त्यांची नावे घेऊन आपण मृतांसाठी रडलो तर जसे होईल, तसे ते आहे. आणि हाच तळवटीचा माणूस वर, सियोनेकडे तोंड करून सांगतो की अन्यायाच्या रक्ताने बांधलेले नगर नांगरले जाईल (मीखा ३:१०-१२). एक शतकानंतर यिर्मयाचा जीव वाचवताना वडीलजनांना याच शब्दांची आठवण झाली (यिर्मया २६:१८).

आपल्यासाठी बोध

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ जण आज उंचावर, सुरक्षित जागी आहेत. मोठी मंडळी, जुने मंदिर, आपल्या भाषेतील उपासना. काही जण मात्र तळवटीत आहेत. परप्रांतात नोकरीनिमित्त गेलेले एकटे कुटुंब, खेड्यातील चार घरांची मंडळी, आपल्या विश्वासाबद्दल रोज उत्तर द्यावे लागणारा विद्यार्थी. त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंनी येणारी खोरी उघडी आहेत. वरून पाहताना आपण त्यांना ‘सखल’ म्हणतो, क्वचित ‘विश्वासात दुबळे’ असेही म्हणतो. पण आपल्यापर्यंत जो घाव पोहोचत नाही, तो कदाचित त्यांनी आधी झेललेला असतो.

१ राजे २० मध्ये अरामी लोकांची समजूत होती की इस्राएलाचा देव डोंगरांचा आहे, सपाट प्रदेशात त्याचे काही चालणार नाही. देवाने ती समजूत खोटी ठरवली. आपणही तीच चूक करू नये. आणि जो भूशिरावर उभा आहे त्याने, सहा वेळा काही दिसले नाही तरी, सातव्यांदा पाहण्यास जावे.

त्या कोकणातील आजी आता प्रभूपाशी विसावल्या आहेत. ‘तळवट’ हा शब्द वाचताना मला त्यांचे हसणे आठवते. शब्दाचा अर्थ कोशात मिळतो. ती भूमी कशी आहे हे मात्र तेथे राहणाऱ्यालाच विचारावे लागते.

मननासाठी प्रश्न

१. यहोशवा १५:३३-३५ मधील गावांची नावे नकाशावर शोधा. त्यांपैकी कोणत्या गावांच्या कथा तुम्हांस ठाऊक आहेत?

२. २ राजे १८ व १९ हे अध्याय लाखीशाच्या रहिवाशाच्या दृष्टीने वाचा. काय वेगळे जाणवते?

३. तुमच्या मंडळीच्या पुढ्यात, घाव प्रथम सोसणारे कोण आहेत? या आठवड्यात त्यांपैकी एका घरी जाऊन या, आणि त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा.