पिल्लू आणावे की वाढलेला पोपट?

पोपट पाळायचा तर तो पिल्लू असतानाच आणावा, म्हणजे त्याला माणसाचा लळा लागतो, असा समज जगभर आहे. हा समज पोपटाच्या जीवनक्रमाशी कितपत जुळतो, ते पाहू.

आफ्रिकेतील करड्या पोपटाचेच उदाहरण घ्या. राखी अंग आणि लालभडक शेपटी असलेला हा पक्षी माणसाच्या बोलण्याची उत्तम नक्कल करतो, म्हणून युरोप-अमेरिकेत त्याला फार मागणी. अंड्यातून बाहेर येणारे त्याचे पिल्लू आंधळे व जवळजवळ उघडे असते. पैदासकार ते काही आठवड्यांचे असतानाच आईबापांपासून काढून घेतो व पिचकारीने भरवून वाढवतो. असे पिल्लू माणसाला बिलगते यात नवल नाही. पण ही ओढ पिलाची पालकाकडे असते तशी असते, आणि निसर्गात ती तुटण्यासाठीच असते!

तीन ते पाच वर्षांत पक्षी वयात येतो. आता त्याला पालक नको, जोडीदार हवा असतो. हाताने वाढवलेल्या पक्ष्याच्या मनावर माणसाचा ठसा उमटलेला असतो. (हंसांच्या पिलांतील असा ठसा कोनराड लोरेंट्स यांनी अभ्यासला होता, १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.) त्यामुळे तो घरातील एकाच व्यक्तीला जोडीदार मानतो, तिला चोचीतील अन्न भरवू पाहतो आणि इतरांना चावतो. पक्षी बिघडला असे मालकाला वाटते. वास्तविक तो फक्त मोठा झालेला असतो. असे कितीतरी पक्षी मग आश्रयगृहात येतात. करडा पोपट पिंजऱ्यात चाळीस वर्षे सहज जगतो, म्हणजे मालकाच्या पश्चात येणारेही असतातच.

आता उलट बाजू पाहा. रानात जोडीदार निवडतो तो प्रौढ पक्षी, आणि निवडतो तो परक्यांतून. नवे नाते जोडण्याची ताकद ही मोठ्या वयातलीच आहे. शिवाय आश्रयगृहातील पक्ष्याचा स्वभाव आधीच दिसतो. पिलाच्या बाबतीत तो केवळ अंदाज असतो. आधी काही महिने तात्पुरता सांभाळ करून मग दत्तक घेण्याची सोयही अनेक ठिकाणी असते.

अडचणी नाहीत असे नव्हे. काही पक्षी स्वतःची पिसे उपटतात, हात पाहताच दचकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ॲमेझॉन पोपटांवर केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. खाद्य वाटीत आयते न देता कुरतडून, शोधून मिळेल असे ठेवले, बसायला-चढायला साधने दिली, तेव्हा पिसे उपटणे टळले. आधी उपटणाऱ्यांचा पिसाराही सुधारला. मात्र नवा पक्षी प्रथम पशुवैद्याला दाखवावा व इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवावा. पोपटांपासून माणसालाही होणारा सिटॅकोसिस हा रोग सौम्य नव्हे.

आपल्याकडचा हिरवा राघू या चर्चेत येतच नाही. ढोलीतून पिल्ले काढणे, ती विकणे, विकत घेणे किंवा पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. जखमी राघू सापडला तर तो वनखात्याकडे द्यावयाचा, घरी ठेवावयाचा नाही. करड्या पोपटासारखे परदेशी पक्षी पाळता येतात, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. पक्षी एका घरातून दुसऱ्या घरी गेला तरी ते कळवावे लागते.