मनातले मत बोलून दाखवा

पोरांच्या इंग्रजी पुस्तकात कधी दोन शब्द येतात : 'स्पीक आउट'. स्पीक म्हणजे बोलणे. आउट म्हणजे बाहेर. मग 'स्पीक आउट' म्हणजे बाहेर जाऊन बोलणे का? नव्हे. दोन शब्द जोडले की अर्थ निराळा होतो. 'स्पीक आउट' म्हणजे आपले मत चारचौघांत, न भिता मांडणे.

आपल्या मराठीतही असेच आहे. 'बोलणे' निराळे आणि 'बोलून दाखवणे' निराळे. पावसापाण्याचे आपण रोजच बोलतो. मनात दडलेले मात्र बोलून दाखवावे लागते.

आपल्या शिराळ्याचेच घ्या. पूर्वी नागपंचमीला इथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा करीत, मिरवणूक काढीत. 1972 साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला. पुढे हे प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. 2014 च्या निकालानंतर लोक नागाच्या प्रतिमा पुजू लागले. गावकऱ्यांचे मत होते की, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल आहे, पूजा झाली की आम्ही नाग परत सोडतो. प्राणिमित्रांचे मत होते की, पकडल्याने नागाला त्रास होतो, आणि दूध हे त्याचे अन्नच नव्हे. दोन्ही बाजूंनी आपले मत उघड मांडले, कारणेही सांगितली. मत निराळे म्हणून माणूस वैरी होत नाही.

आता 'मत देणे' आणि 'मत मांडणे' यांतला फरक पाहू. निवडणुकीत आपण मत देतो. ते गुप्त असते. ग्रामसभेत आपण मत मांडतो. ते सर्वांसमोर असते. अठरा वर्षे पुरी झाली, गावच्या मतदार यादीत नाव आले, की दोन्ही हक्क आपले.

पण होते काय? एका गावी आम्ही पाहिले. नळाचे पाणी वरच्या आळीला येई, खालच्या आळीला येत नसे. पाणवठ्यावर बाया तावातावाने बोलत. सभेत मात्र सगळ्या गप्प! "काकू, तुम्ही का बोलला नाही?" आम्ही विचारले. काकू म्हणाल्या, "आमचं कोण ऐकतंय, बाबा?" ठराव झाला. त्यात खालच्या आळीचे नावच नव्हते. न बोललेले मत कागदावर कसे यावे?

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदा आहे. तिथे बोलायची सवय करा. मग मोठ्या सभेत उभे राहा. ओरडू नका. म्हणणे थोडक्यात सांगा, कारण सांगा, दुसऱ्याचेही ऐका. आणि आता तुम्हांला वाचता येते! सही करण्याआधी ठराव वाचून पाहा. तुमचे म्हणणे राहिले असेल, तर तिथेच बोलून दाखवा.

अभ्यास
1. 'मत देणे' आणि 'मत मांडणे' ही दोन वाक्यांत वापरा.
2. येत्या ग्रामसभेत काय बोलाल? तीन ओळी लिहा आणि घरी वाचून दाखवा.